मुंग्यांच्या राखणीतील फुलपाखरे: शेंगेतील शत्रू आणि पिठ्या ढेकणावरील मित्र

वाल, घेवडा, तुरीच्या फुलोऱ्यावर किंवा पपई, सीताफळ, जास्वंदीच्या फांदीवर मुंग्यांची ये-जा दिसली की पुष्कळ ठिकाणी थेट फवारणीचा पंप बाहेर निघतो. मुंगी ही बहुतेक वेळा पिकाची कीड नसते. ती किडीचा पत्ता सांगते. त्या पत्त्यावर नेमके कोण राहते, हे मात्र जवळ जाऊन पाहावे लागते. कारण एकाच कुळातील दोन फुलपाखरांच्या अळ्या मुंग्यांच्या गर्दीत सापडतात आणि त्यांची कामे उलट आहेत. एक अळी शेंग पोखरते आणि मुंग्या तिची राखण करतात. दुसरी अळी मुंग्यांनी राखलेला पिठ्या ढेकूण त्यांच्या देखत फस्त करते. पहिलीसाठी वेळेत उपाय करावा लागतो, दुसरीसाठी हात आवरावा लागतो. हा फरक कसा ओळखावा आणि त्यावरून फवारणीचा निर्णय कसा घ्यावा, याची माहिती या लेखात दिली आहे.

चाकण पट्ट्यात हा विषय का महत्त्वाचा

पिंपरी-चिंचवड, चाकण, तळेगाव या औद्योगिक पट्ट्यात शेत आणि कारखाना यांच्यामध्ये बऱ्याच ठिकाणी फक्त एक भिंत असते. भिंतीच्या आत जास्वंदीचे कुंपण, सायकसची रोपे आणि हिरवळ असते. बाहेर वाल, घेवडा, वाटाणा, सोयाबीन, कांदा, बटाटा किंवा मावळाकडे भात आणि भातानंतरचा पावटा, हरभरा असतो. मधल्या मोकळ्या भूखंडांवर गाजर गवत माजलेले असते. १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदलेले हे तण आज पिठ्या ढेकणाच्या एकापेक्षा जास्त जातींचे आश्रयस्थान आहे.

पिठ्या ढेकूण, मुंग्या आणि फुलपाखरे यांना सर्व्हे नंबर माहीत नसतो. बागेतील जास्वंदीवर वाढलेला पिठ्या ढेकूण शेजारच्या पपईवर येऊ शकतो, तसेच त्याला खाणारे मित्रकीटकही तिथूनच शेतात येतात. म्हणून ही माहिती शेतकऱ्यांइतकीच कंपनीच्या बागा सांभाळणाऱ्या माळीबंधूंना, रोपवाटिकाधारकांना आणि कृषी सहायकांनाही उपयोगी आहे.

निळ्या फुलपाखरांचे कुळ

आपण ज्या फुलपाखरांबद्दल बोलत आहोत ती लायसेनिडी या कुळातील आहेत. ही आकाराने लहान असतात. पंख पसरले तरी बहुतेक जाती दोन ते चार सेंटिमीटरच्या आत बसतात. अनेक जातींच्या नराच्या पंखांची वरची बाजू निळसर असते, म्हणून त्यांना सरसकट निळी फुलपाखरे म्हणतात. काही जाती मात्र तपकिरी किंवा राखाडी असतात. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केलेले ब्लू मॉर्मन हे मोठे, काळे-निळे फुलपाखरू या कुळातील नाही. त्याचा या विषयाशी संबंध नाही.

जगात या कुळाच्या पाच हजारांहून अधिक जाती आहेत. ज्या जातींचा जीवनक्रम अभ्यासला गेला आहे, त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जातींचे मुंग्यांशी कोणते ना कोणते नाते आढळते. फुलपाखरांच्या इतर कोणत्याही कुळात हे प्रमाण एवढे मोठे नाही.

या कुळातील अळी ओळखणे अवघड नाही. ती लांबट नळीसारखी नसून गोगलगाईसारखी चपटी, मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळती असते. डोके छातीच्या पहिल्या भागाखाली दडलेले असते. चाल अगदी संथ असते. कातडी जाड असल्याने मुंगीचा चावा तिला सहजासहजी लागत नाही.

मुंगी अळीला का सांभाळते

मुंगीच्या दृष्टीने कोणतीही मऊ अळी हे खाद्य असते. तरीही या अळ्यांना मुंग्या खात नाहीत, उलट त्यांच्याभोवती पहारा देतात. त्यामागे अळीच्या शरीरातील काही खास अवयव आहेत.

- मधग्रंथी: अळीच्या पोटाच्या सातव्या खंडावर, पाठीच्या मधोमध एक ग्रंथी असते. मुंगीने स्पर्शिकांनी थोपटले की तिच्यातून साखर आणि अमिनो आम्ले असलेला थेंब बाहेर येतो.
- मागेपुढे होणारी शुंडके: आठव्या खंडावर दोन बारीक शुंडके असतात. अळीला धोका वाटला की ती बाहेर येतात आणि मुंग्या सावध होतात.
- सूक्ष्म छिद्रे: अंगभर पसरलेल्या या छिद्रांतून मुंग्यांना शांत ठेवणारे स्राव येतात, असे मानले जाते.
- कंपने: अनेक जातींच्या अळ्या आणि कोष फांदीतून जाणारी बारीक कंपने निर्माण करतात. आपल्याला ती ऐकू येत नाहीत, मुंग्यांना जाणवतात.

हा व्यवहार वरवर सरळ दिसतो: अळी गोड थेंब देते, मुंगी गांधीलमाशी आणि परभक्षी कीटकांना हुसकावते. पण तो नेहमी बरोबरीचा नसतो. जपानमधील नाराथुरा जापोनिका या फुलपाखरावर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की अळीचा स्राव प्यालेल्या मुंग्यांचे हिंडणे-फिरणे कमी होते आणि त्यांच्या मेंदूतील डोपामिनशी संबंधित प्रक्रिया बदलतात. म्हणजे तो थेंब केवळ मजुरी नाही, पहारेकऱ्याला जागेवर बांधून ठेवणारा उपायही आहे.

नात्याचे तीन प्रकार

शेतीच्या दृष्टीने हे नाते तीन प्रकारांत मांडता येते.

१. देवाणघेवाण: अळी झाड खाते, मुंगीला गोड थेंब देते आणि संरक्षण मिळवते. आपल्या कडधान्यांवरील निळ्या फुलपाखराच्या अळ्या या प्रकारात येतात. यात मुंगीचा फायदा, अळीचा फायदा आणि नुकसान फक्त आपले.

२. मुंग्यांच्या गोठ्यात चोरी: मुंग्या मावा, खवले कीड, पिठ्या ढेकूण यांना गुरांसारखे राखतात आणि त्यांच्यापासून मधासारखा चिकट स्राव मिळवतात. काही फुलपाखरांच्या अळ्या ही 'गुरे'च खातात. मिलेटिनी या उपकुळाची ही खासियत आहे. फुलपाखराची अळी म्हणजे पाने खाणारी, हा आपला नेहमीचा समज इथे चुकतो. यात नुकसान मुंगीचे आणि फायदा आपला.

३. घरट्यात घुसखोरी: अळी थेट मुंग्यांच्या घरट्यात राहते आणि त्यांची अंडी-पिले खाते किंवा मुंग्यांकडून स्वतःला भरवून घेते. ही खऱ्या अर्थाने परोपजीवी फुलपाखरे होत.

तिसऱ्या प्रकाराचे एक उदाहरण भारतातही आढळते. आंब्या-काजूच्या झाडावर पाने शिवून घरटे करणाऱ्या तांबड्या मुंग्या आपल्या ओळखीच्या आहेत. कोकणात त्यांना ओंबील किंवा हुमले म्हणतात. लिफायरा ब्रासोलिस या फुलपाखराची अळी त्यांच्या घरट्यात राहून पिले खाते. तिची पाठ ढालीसारखी कडक आणि कडा पानाला घट्ट टेकलेल्या असतात, त्यामुळे मुंगीला चावायला जागाच मिळत नाही. कोषातून निघालेल्या फुलपाखराच्या अंगावर सैल खवले असतात. मुंग्या धरायला गेल्या की त्यांच्या तोंडात फक्त खवले येतात आणि फुलपाखरू निसटते.

युरोपातील लार्ज ब्लू या फुलपाखराची गोष्ट तर संवर्धनाच्या अभ्यासक्रमात शिकवली जाते. त्याची अळी दोन-तीन आठवडे रानथाइमच्या फुलांवर जगते, मग जमिनीवर पडते. मिर्मिका जातीची मुंगी तिला आपलेच पिलू समजून घरट्यात नेते. पुढचे अनेक महिने अळी तिथे मुंग्यांची पिले खाऊन वाढते. हे फुलपाखरू १९७९ मध्ये ब्रिटनमधून नाहीसे झाले. राखीव क्षेत्रे होती, थाइमही होते. पण गुरांची चराई बंद झाली होती आणि रोगामुळे ससे घटले होते. गवत उंच वाढल्याने जमीन थंड झाली आणि फुलपाखराला लागणारी नेमकी मुंगीची जात कमी झाली. जेरेमी थॉमस या शास्त्रज्ञांनी हे कारण शोधल्यानंतर चराई पुन्हा सुरू केली गेली, स्वीडनमधून फुलपाखरे आणली गेली आणि ती पुन्हा स्थिरावली. वनस्पती सांभाळली होती, मुंगी विसरली गेली होती. शेतातही असेच होते: आपण एका किडीकडे पाहतो, तिच्याभोवतीचे नाते सुटून जाते.

मित्र ओळखा: पिठ्या ढेकूण खाणारे एपफ्लाय

दुसऱ्या प्रकारातील आपल्याकडचे सर्वांत महत्त्वाचे फुलपाखरू म्हणजे स्पाल्गिस एपियस. त्याच्या कोषाचा आकार आणि त्यावरील खुणा माकडाच्या तोंडासारख्या दिसतात, म्हणून त्याला एपफ्लाय म्हणतात. ते भारतात सर्वदूर आढळते. पपई, पेरू, सीताफळ, कॉफी, जास्वंद अशा अनेक झाडांवरील पिठ्या ढेकणांवर त्याच्या अळ्या जगतात.

फुलपाखरू: लहान, राखाडी-तपकिरी. पुढच्या पंखाच्या वरच्या बाजूवर मध्यभागी पांढरट ठिपका असतो. खालची बाजू फिकट राखाडी, त्यावर बारीक नागमोडी रेषा असतात. दिसायला अगदी साधे असल्याने लक्ष जात नाही.

अंडी: मादी पिठ्या ढेकणाच्या पुंजक्यात किंवा त्याच्या जवळ अंडी घालते.

अळी: पूर्ण वाढलेली अळी साधारण एक सेंटिमीटर लांब, चपटी आणि संथ असते. पिठ्या ढेकणाची पांढरी मेणचट पावडर ती स्वतःच्या अंगावर घेते, त्यामुळे पुंजक्यात ती दिसतच नाही. काडीने पावडर बाजूला केली की खाली तपकिरी-हिरवट, बारीक केस असलेले शरीर दिसते. ती पिठ्या ढेकणाची अंडी, पिले आणि प्रौढ या सर्व अवस्था खाते. मादीच्या अंड्यांच्या पिशवीत शिरून खाणे ही तिची विशेष उपयुक्त सवय आहे, कारण फवाऱ्याचे द्रावण तिथे नीट पोहोचत नाही.

कोष: पानावर, देठावर किंवा फांदीवर चिकटलेला, काही मिलिमीटर लांबीचा, तपकिरी-पांढरट. एकदा माकडाचे तोंड पाहिले की पुन्हा ओळख चुकत नाही.

अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा प्रवास हवामानानुसार सुमारे तीन ते चार आठवड्यांत पूर्ण होतो. अळी अवस्था त्यातली दीड आठवड्याच्या आसपास असते.

मुंग्या तिला का हटकत नाहीत? पिठ्या ढेकणावर मुंग्यांचा पहारा असला की ढालकिडे आणि परोपजीवी गांधीलमाश्यांचे काम अडते. एपफ्लायच्या अळीला मात्र मुंग्या सहसा त्रास देत नाहीत. या उपकुळातील अळ्यांना सहसा मधग्रंथी नसते, म्हणजे लाच देऊन ती सुटत नाही. अंगावरील मेणाची पावडर आणि जाड कातडी यांचा तिला उपयोग होतो. अमेरिकेत लोकरी मावा खाणारे फेनिसेका हे याच उपकुळातील फुलपाखरू आहे. त्याच्या अळीच्या अंगावरील रासायनिक घटक तिच्या भक्ष्याशी जुळतात, असे तिथल्या अभ्यासात दिसले आहे. मुंगी वासावर ओळखते. वास पिठ्या ढेकणासारखा असेल तर मुंगीच्या लेखी ती अळी म्हणजे पिठ्या ढेकूणच.

मर्यादाही लक्षात घ्याव्यात. हे फुलपाखरू पिठ्या ढेकणाची संख्या बरीच वाढल्यावर दिसू लागते. क्रिप्टोलिमस ढालकिड्यासारखे ते मागणी करून विकत आणता येत नाही. आपल्या हातात एकच गोष्ट आहे: आलेले टिकवणे.

पपईवरील पिठ्या ढेकणाचा अनुभव इथे आठवावा. मूळचा मध्य अमेरिकेतील हा पॅराकोकस मार्जिनाटस भारतात २००८ मध्ये कोइमतूर येथे प्रथम नोंदला गेला आणि थोड्याच काळात महाराष्ट्रासह अनेक राज्यांत पसरला. पपईबरोबर तुती, टॅपिओका, जास्वंद, गाजर गवत अशा कितीतरी वनस्पतींवर तो वाढला. वारंवार फवारण्या करूनही तो आटोक्यात येत नव्हता. २०१० मध्ये असेरोफॅगस पपाये आणि आणखी दोन परोपजीवी गांधीलमाश्या परदेशातून आणून सोडण्यात आल्या आणि त्यानंतर प्रादुर्भाव खाली आला. एपफ्लायची अळीही या पिठ्या ढेकणावर जगताना आढळली आहे. ज्या बागांत फवारण्या थांबतात तिथेच ही मंडळी काम करू शकतात.

शत्रू ओळखा: कडधान्यांवरील निळे फुलपाखरू

लॅम्पिडिस बोएटिकस हे फुलपाखरू वाल, पावटा, घेवडा, वाटाणा, चवळी, तूर, ताग अशा शेंगवर्गीय पिकांवर आढळते. नराचे पंख वरून निळे-जांभळे असतात. मागच्या पंखाला बारीक शेपटी आणि तिच्याजवळ दोन काळे ठिपके असतात. पंखांच्या खालच्या बाजूवर तपकिरी-पांढरे नागमोडी पट्टे दिसतात.

मादी कळ्यांवर आणि फुलांवर एकेक अंडे घालते. अळी कळीत शिरून आतील भाग खाते, पुढे शेंगेला गोल छिद्र पाडून दाणे खाते. फुलाच्या रंगाप्रमाणे तिचा रंग हिरवट, पिवळसर किंवा गुलाबी-तपकिरी असू शकतो. पोखरलेल्या कळीवर किंवा छिद्राशी मुंग्या घुटमळताना दिसणे ही तिची खूण आहे. घाटे अळी किंवा पिसारी पतंगाच्या अळीभोवती अशी राखण नसते.

तुरीत खरे मोठे नुकसान घाटे अळी, पिसारी पतंग आणि शेंगमाशी यांच्यामुळे होते. तिथे निळे फुलपाखरू बहुधा दुय्यम असते. भाजीसाठीच्या वाल, घेवडा, वाटाण्यात मात्र छिद्र पडलेली शेंग बाजारात बाजूला काढली जाते, त्यामुळे थोडा प्रादुर्भावही दराला बाधतो.

व्यवस्थापन:

- फुलकळी लागल्यापासून आठवड्यातून दोनदा सकाळी पाहणी करावी.
- पोखरलेल्या कळ्या आणि शेंगा अळीसह तोडून नष्ट कराव्यात. परसबागेत आणि लहान क्षेत्रात एवढ्याने काम भागते.
- कळी अवस्थेत ५ टक्के निंबोळी अर्काची फवारणी करावी. त्यासाठी ५ किलो निंबोळी पावडर १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी गाळावी. त्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून एकूण द्रावण १०० लिटर करावे.
- अळी शेंगेत शिरल्यावर फवारणीचा उपयोग कमी होतो. म्हणून कळीवरच लक्ष ठेवावे.
- रासायनिक कीटकनाशक वापरायचेच असेल तर त्या पिकासाठी लेबलवर शिफारस असलेलेच घ्यावे आणि काढणीपूर्व प्रतीक्षा काळ पाळावा. हिरव्या शेंगांची तोडणी दर काही दिवसांनी होत असल्याने ही बाब विशेष महत्त्वाची आहे.

याच कुळातील आणखी दोन किडी

डाळिंबावरील फळ पोखरणारी अळी, म्हणजेच सुरसा: ड्युडोरिक्स आयसोक्रेटिस या फुलपाखराची मादी फुलावर किंवा लहान फळावर अंडी घालते. अळी फळात शिरून दाणे खाते. छिद्रातून विष्ठा बाहेर येते, बुरशी आणि जिवाणू शिरून फळ सडते, दुर्गंधी येते. ही अळी पेरू, चिंच, आवळा यांवरही जगते. फळे लिंबाएवढी होण्याआधी पिशवी लावणे, पोखरलेली आणि गळलेली फळे रोजच्या रोज गोळा करून नष्ट करणे हे खात्रीचे उपाय आहेत.

सायकसवरील अळी: कंपन्यांच्या प्रवेशद्वारांशी आणि बंगल्यांसमोर लावलेल्या सायकसची नवी पालवी काही वेळा आठवड्याभरात नाहीशी होते, फक्त शिरा उरतात. हे काम चिलाडिस पांडवा या निळ्या फुलपाखराच्या अळ्यांचे. त्यांच्याभोवतीही मुंग्या असतात. मादी फक्त अगदी कोवळ्या पालवीवर अंडी घालते. म्हणून पालवी फुटून कडक होईपर्यंतचे दिवस महत्त्वाचे. त्या काळात पालवीवर बारीक जाळी घालावी किंवा निंबोळी अर्क फवारावा. पाने कडक झाल्यावर फवारणीचा खर्च वाया जातो. रोपवाटिकेतून रोप विकताना नव्या पालवीवर अंडी-अळ्या नाहीत ना, हे पाहावे. शोभेच्या सायकससोबतच ही कीड अनेक देशांत पोहोचली आहे.

पाहणी कशी करावी

दहा पट मोठे दाखवणारे भिंग, एक काडी आणि वही एवढे साहित्य पुरते.

१. शेताच्या चार कोपऱ्यांतील आणि मध्यातील झाडे निवडावीत. फळझाडांची किमान २० झाडे, प्रत्येकी ४ फांद्या. कडधान्यात किमान २५ फुलोरे पाहावेत. भिंतीलगतच्या ओळी जरूर घ्याव्यात.

२. मुंग्यांच्या रांगेचा माग काढावा. रांग कुठे संपते ते पाहावे.

३. तिथे पांढरे पुंजके असतील तर काडीने हलकेच उकरावेत. तीन गोष्टी सारख्याच पांढऱ्या दिसतात:
- पिठ्या ढेकूण: अंडाकृती, मऊ, अंगावर खंड दिसतात, दाबल्यास रंगीत द्रव निघतो.
- क्रिप्टोलिमस ढालकिड्याची अळी: अंगावर लांब पांढरे मेणाचे धागे, सहा पाय, डिवचल्यास लगबगीने चालते. हा मित्र आहे.
- एपफ्लायची अळी: लांब धागे नाहीत, चपटी, डिवचल्यावरही जागेला चिकटून राहते. हाही मित्र आहे.

४. जवळच्या पानांवर, देठांवर माकडतोंडी कोष शोधावेत. रिकामा कोष सापडला तरी नोंद करावी. फुलपाखरू येऊन गेल्याचा तो पुरावा असतो.

५. कडधान्यात मुंगी असलेली कळी किंवा शेंग उघडून पाहावी.

पाहणीवरून निर्णय

मुंग्या आहेत, कीड नाही: काहीही करू नये. चवळी, एरंड, कापूस अशा पिकांना फुलांबाहेरही मधुग्रंथी असतात. मुंग्या तिथे येतात आणि येता-जाता अळ्या-अंडी उचलून नेतात. हा फुकटचा पहारा आहे.

मुंग्या आणि पोखरलेली कळी-शेंग: निळ्या फुलपाखराची अळी समजून वर दिलेले उपाय करावेत.

मुंग्या आणि पिठ्या ढेकूण, मित्रकीटक नाहीत: प्रादुर्भावित फांद्या छाटून पिशवीत भरून नष्ट कराव्यात, उघड्यावर टाकू नयेत. पाण्याचा जोरदार फवारा मारावा. नंतर व्हर्टिसिलियम लेकॅनी ५ ग्रॅम प्रति लिटर पाण्यात मिसळून सायंकाळी, हवेत ओलावा असताना फवारावे. त्याच्या मागे-पुढे काही दिवस बुरशीनाशक वापरू नये.

मुंग्या, पिठ्या ढेकूण आणि एपफ्लायच्या अळ्या किंवा कोष: फवारणी थांबवावी. मुंग्यांचा मार्ग तोडावा आणि ७ ते १० दिवसांनी पुन्हा त्याच फांद्या पाहाव्यात. पुंजके विस्कटलेले, नवीन पिले कमी आणि कोष जास्त दिसत असतील तर काम सुरू आहे असे समजावे. फळांवर प्रादुर्भाव वाढतच असेल तर फक्त तेवढ्याच फांद्यांवर उपाय करावा, सबंध बाग धुऊन काढू नये.

छाटलेल्या फांदीवर एपफ्लायच्या अळ्या किंवा कोष असतील तर ती नष्ट न करता प्रादुर्भाव असलेल्या दुसऱ्या झाडाखाली ठेवावी. अळ्यांना पुढच्या पुंजक्यांकडे जाता येते आणि कोषातील फुलपाखरे बाहेर पडून तिथेच राहतात.

मुंग्यांचे काय करावे

मुंग्या संपवणे हे उद्दिष्ट नसावे. त्यांना पिठ्या ढेकणापासून दूर ठेवणे एवढेच पुरेसे असते.

- खोडाला जमिनीपासून एक-दीड फुटावर प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळून त्यावर चिकट पदार्थ किंवा ग्रीस लावावे. ग्रीस थेट सालीवर लावू नये.
- जमिनीला टेकणाऱ्या फांद्या, आधाराच्या काठ्या आणि भिंतीला लागलेल्या डहाळ्या म्हणजे मुंग्यांचे पूल. ते तोडावेत, नाहीतर पट्टीचा उपयोग होत नाही.
- पट्टी धुळीने भरली की बदलावी. रस्त्यालगतच्या बागांत ती लवकर भरते.
- बांधावरील आणि कुंपणालगतचे गाजर गवत फुलोऱ्यापूर्वी उपटावे.
- सबंध बागेत कीटकनाशकाची आळवणी करू नये. जमिनीवरील मुंग्या इतर किडींची अंडी, अळ्या आणि वाळवीही खातात.

पहारा उठला की ढालकिडे आणि परोपजीवी गांधीलमाश्यांना वाट मिळते. एपफ्लाय मुंग्या असतानाही काम करते, बाकीचे मित्रकीटक त्या हटल्यावर करतात.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

शिवार फेरीत या विषयाचे प्रात्यक्षिक सोपे आहे. पिठ्या ढेकूण असलेली एक फांदी अळ्यांसह पारदर्शक बरणीत ठेवून तोंडाला जाळीचे कापड बांधावे. अळीचा कोष आणि कोषाचे फुलपाखरू शेतकऱ्यांना प्रत्यक्ष दिसते. पिठ्या ढेकूण खाऊन फुलपाखरू झाले, हे पाहिलेला शेतकरी पुढच्या वेळी पुंजका उकरून पाहतो. फुलपाखरू शेवटी बागेत सोडून द्यावे.

औद्योगिक वसाहतीतील बागांचे फवारणीचे वेळापत्रक महिन्याच्या तारखेवर न ठेवता पाहणीवर ठेवावे, यासाठी गावातील शेतकरी गटाने शेजारच्या आस्थापनांच्या उद्यान विभागाशी बोलावे. भिंतीच्या एका बाजूला मित्रकीटक वाढवायचे आणि दुसऱ्या बाजूला दर पंधरवड्याला सरसकट फवारायचे, यात दोघांचाही खर्च वाढतो.

ओळख पटत नसेल तर अळी, कोष आणि मुंग्या एकत्र दिसतील असे स्पष्ट छायाचित्र काढावे. नमुना फांदीसह कागदी पिशवीत ठेवून नारायणगाव किंवा बारामती येथील कृषी विज्ञान केंद्रात अथवा पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील कीटकशास्त्र विभागात दाखवावा. नमुना दाखवून उत्तर मिळेपर्यंत त्या फांद्यांवर फवारणी करू नये.